नांगराचा चित्रकार

चित्रकार म्हटला कीं सोनेरी चौकटींतील तैलचित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. मासिकाचें मुखपृष्ठ किंवा यंत्राची जाहिरात रेखाटणाराची आठवण आपणांस सहसा होत नाहीं. आज मी अशाच एका चित्रकाराविषयीं बोलणार आहें. ते म्हणजे शंकर वासुदेव किर्लोस्कर. जन्म १८९१, मृत्यु १९७५.

त्यांचे चुलते लक्ष्मणराव यांनाहि प्रथम चित्रकलेचाच ओढा होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकत असतां आपणांस रंगांतील कांहीं भेद ओळखतां येत नाहींत, असें त्यांना कळून आलें. तेव्हां रंग सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. १९०३ सालीं बेळगांवास त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडानें जमिनींत विष भिनतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले ४० नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं! माल चोख असला तरी तो लोकांच्या मनास पटवावा लागतो, हा धडा त्यांत होता. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत, आजच्या सांगली जिल्ह्यांतील कुंडलजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसली.

शंकरराव लाहोरास पंडित सातवळेकरांपाशीं चित्रकला शिकले होते. हेच पंडितजी पुढें सातारा जिल्ह्यांतील औंधास वेदाभ्यासासाठीं येऊन राहिले. वाडीच्या कारखान्यांत शंकररावांच्या वांट्यास राजेरजवाड्यांच्या तसबिरी आल्या नाहींत. आले ते नांगर आणि उसाचे चरक. १९२० च्या जानेवारींत गिऱ्हाइकांसाठीं ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली. तिचे संपादक तेच, चित्रकारहि तेच.

त्याच दशकांत हॉलंडमधील डेल्फ्ट येथें पीट झ्वार्ट हा कलावंत विजेच्या तारांच्या कारखान्यासाठीं जाहिराती रचीत होता. अक्षरें, रेघा आणि कोरी जागा यांच्या मांडणीनें त्यानें रुक्ष व्यापारी कागदास कलेच्या इतिहासांत स्थान मिळवून दिलें. शंकररावांची वाट निराळी. त्यांची ‘खबर’ वाढून ‘किर्लोस्कर’ मासिक झाली. १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं मासिकें तिच्या जोडीस आलीं. नांगर घ्या म्हणणारा टाक आतां व्यंगचित्रांतून रूढींवर प्रहार करूं लागला. शेतकऱ्यास लोखंडाचें भय, तसें पांढरपेशा घरास नव्या विचाराचें. दोहोंच्या मुळाशीं संवयच होती.

येथें एक शंका मनांत येते. जाहिरातीचें तंत्र विचारप्रसारास वापरावें काय? नांगराची जाहिरात खोटी असेल, तर पहिल्याच नांगरटींत तें उघड होतें. विचाराची परीक्षा इतक्या लौकर होत नाहीं. म्हणून अशा चित्रकारावर अधिक मोठी जबाबदारी येते. जें स्वतःस पटलें तेंच त्यानें दुसऱ्यास पटवावें. शंकररावांनीं टाकाबरोबर संपादकाची लेखणीहि हातीं धरली आणि आपल्या मतांची जोखीम आपल्या नांवावर घेतली, यांतच मला त्यांचें मोठेपण वाटतें.

तेव्हां श्रोतेहो, यापुढें एखादें मासिक हातीं आलें, तर पान उलटण्यापूर्वीं क्षणभर मुखपृष्ठाकडे पाहा आणि तें कोणीं काढलें याचीहि चौकशी करा.