एकांतातला वाद



आज मी आपल्यापुढे एकच अभंग घेऊन उभा आहे, आणि तोही आपणां सर्वांच्या तोंडी असलेला. 'वृक्षवल्ली' या पहिल्या शब्दाने ओळखला जाणारा तुकोबांचा अभंग शाळेच्या भिंतीवर दिसतो, वृक्षारोपणाच्या फलकावर दिसतो. आपल्या या जंगलाच्या जिल्ह्यात तर तो विशेषच दिसावा. पण फलकावर आरंभ तेवढा लिहिलेला असतो. शेवट कोणी लिहीत नाही. त्यामुळे हा अभंग झाडांविषयी आहे, अशी आपली समजूत झाली आहे. माझे म्हणणे असे की, तो एकांताविषयी आहे, आणि एकांतात माणूस स्वतःशी काय बोलतो याविषयी आहे.

प्रथम हा एकांत कोणाचा, ते पाहू. तुकोबा हे घरदार सोडलेले संन्यासी नव्हते. ते देहूचे संसारी वाणी होते. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात धन गेले, मान गेला आणि एक पत्नी अन्नावाचून गेली, असे त्यांनी स्वतःच अभंगातून सांगितले आहे. पुढे त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, ती कथा तर सर्वश्रुतच आहे. लोकांची स्तुती आणि लोकांची निंदा या दोहोंनी ज्याची पाठ सोडली नाही, असा हा मनुष्य भंडाऱ्याच्या आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसत असे. हे ध्यानात ठेवले की अभंगाची उकल होऊ लागते.

आरंभी झाडे, वेली, रानातले जीव आणि गोड गळ्याने आळविणारे पक्षी येतात. तुकोबा त्यांना म्हणतात 'सोयरे'. आपण 'सगेसोयरे' एका दमात म्हणून जातो, पण त्यात भेद आहे. सगे रक्ताचे, सोयरे लग्नाने जोडलेले. सोयरीक आपोआप होत नाही, ती करावी लागते. आपल्या लग्नात देवक म्हणून कोठे उंबराची, कोठे कळंबाची डहाळी मांडवात येते. आपल्या भागातील गोंड कुळेही कोणा प्राण्याशी, कोणा झाडाशी आपले नाते सांगतात. म्हणजे हा शब्द नुसता अलंकार नव्हे. घरी ज्याला हक्काने टेकायला जागा उरली नाही, त्याने रानात नवे नाते जोडले आहे.

त्यानंतर लगेच तुकोबा एकांत का रुचतो याचे कारण सांगतात. तेथे गुणदोष अंगाला चिकटत नाहीत. मला वाटते, सारा अभंग या एका कारणावर उभा आहे. झाड आपल्याला चांगले म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही. दुकान बुडाले म्हणून पक्षी गाणे थांबवीत नाही.

मग तुकोबा तेथे संसारच मांडतात. आभाळाचा मांडव, धरतीची बैठक, अंगाला एक गोधडी, पाण्याला कमंडलू, वेळ सांगायला वारा. जेवण हरिकथेचे, तेही नाना प्रकारांनी रांधून चवीने खायचे. कोणाला वाटेल की आता अभंग तृप्तीच्या ढेकरीने संपणार. तसे होत नाही. शेवटच्या चरणात प्रथम मनाशी 'संवाद' येतो आणि मग त्याच्यापुढे एक पाऊल जाऊन 'वाद' येतो. स्वतःचा वाद, स्वतःशीच. लोकांचा निवाडा थांबला, तेव्हा स्वतःचा निवाडा सुरू झाला. एकांत विश्रांतीसाठी नव्हता. तो ह्या खटल्यासाठी होता.

हा वाद नेमका 'तुका म्हणे' या मुद्रेच्या ओळीत यावा, यातही मला गंमत वाटते. अभंगाच्या शेवटी नाव घालण्याची रीत जुनीच. पण येथे ती रीत अर्थाला उपयोगी पडली आहे. जो स्वतःला नावाने हाक मारतो, तो क्षणभर दोन होतो: एक बोलणारा आणि एक ऐकणारा. वादाला दोघे लागतात, ते दोघेही येथे एकाच नावात सापडतात.

आता आपण विचाराल, की माजरीसारख्या गावी याचा काय उपयोग? येथे कोळशाच्या खाणी आहेत, रेल्वेचे जंक्शन आहे. वर्धा-बल्लारशा मार्गावरच्या गाड्या रात्रंदिवस जातात, वणीकडचा फाटा येथूनच फुटतो. पाळीवर माणसे, घरात माणसे, आणि आता खिशातल्या फोनमध्येही माणसेच. पूर्वी लोक काय म्हणतील याची धास्ती गावाच्या वेशीपर्यंत होती. आज ती उशाशी येऊन निजते. फोटो टाकला की किती जणांना आवडला, हे मोजून आपण आपली किंमत ठरवितो. गुणदोष अंगाला चिकटण्याची अशी सोय तुकोबांच्या काळी नव्हती!

आणि बाईचे काय? पुरुष निदान पारावर जाऊन बसतो. घरातल्या बाईला डोंगर नाही, पारही नाही. जात्यावर पहाटे ओवी म्हणणाऱ्या बायकांनी दळणाची ती वेळच आपला एकांत केला. गिरणी आली, कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण ती बोलण्याची वेळही त्याबरोबर गेली. तिच्या जागी दुसरी वेळ आपण तिला दिली काय, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

म्हणून झाडे लावा, असे हा अभंग सांगतो हे मी नाकारीत नाही. खाणीने उकरलेल्या मातीवर लावलेले रोप जगावे, अशी माझीही इच्छा आहे. परंतु झाड केवळ सावलीसाठी, पावसासाठी नव्हे. ज्याच्याखाली बसून माणसाला स्वतःशी खरे बोलता येईल, भांडता येईल, असे एखादे ठिकाण गावात असावे लागते. ते नसेल तर माणूस दुसऱ्यांची मतेच आपली म्हणून बोलत राहतो, आणि त्याला ते कळतही नाही.

तुकोबांचा तो वाद अगदी खाजगी होता. ऐकायला कोणी नव्हते. तरीही आज तो लाखोंच्या मुखी आहे. लोकांसाठी म्हणून केलेले पुष्कळ बोलणे विरून जाते. स्वतःशी प्रामाणिकपणे केलेला वाद मात्र दुसऱ्यालाही आपलाच वाटतो. तेव्हा यापुढे मुलांना हा अभंग शिकविताना पहिल्या ओळीवर थांबू नका. शेवटची ओळ आधी विचारा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.