मातीचा चिवटपणा

चहाचा कप हातून निसटला कीं त्याचे तुकडे होतात; पितळेचा पेला पडला तर त्याला नुसता पोचा येतो. हा अनुभव घरोघरचा आहे. त्यामागचें कारण १९२० च्या सुमारास इंग्लंडांत ए. ए. ग्रिफिथ यांनीं उलगडलें. कांचेसारख्या पदार्थांत डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा आधींच असतात. ताण पडला कीं तो भेगेच्या टोकाशीं एकवटतो आणि भेग धांवत सुटते. धातूंत त्या टोकाजवळचे अणु एकमेकांवरून सरकतात व ताण पसरून जातो. सिरॅमिकांतले अणु सहसा जागा सोडीत नाहींत. ज्या घट्ट बंधांमुळें हा पदार्थ भयंकर आंचेंतहि टिकतो, तेच बंध त्याला ठिसूळ बनवितात.

आंच आणि आघात दोन्ही सोसणारी वस्तु घडवावी कशी? आपल्याकडे मातीच्या भिंतीच्या चिखलांत भुसकट कालवितात, तें वाळतांना पडणाऱ्या भेगा आवरण्यासाठींच. सिलिकॉन कार्बाइडमध्यें त्याच पदार्थाचे तंतु घालण्याची कल्पना याच जातीची. अडचण तंतूंचीच होती. १९७५ सालीं जपानांत तोहोकु विद्यापीठाच्या सेइशी याजिमा यांनीं सिलिकॉन व कार्बन असलेल्या एका राळेसारख्या पदार्थाचें सूत काढलें आणि तें भाजून सिलिकॉन कार्बाइडचा तंतु बनविल्याचें प्रसिद्ध केलें. माणसाच्या केसाच्या पांचव्या हिश्श्याइतका बारीक असा हा धागा विणतांहि येतो!

खरी मौज पुढेंच आहे. तंतु आणि भोंवतालचा पदार्थ घट्ट जोडले तर वस्तु बळकट होईल, असें कोणालाहि वाटेल. परंतु तसें केल्यास भेग तंतूंतूनहि सरळ पार जाते व सारें पुन्हां कपासारखें फुटतें. जोड मुद्दाम कच्चा ठेवावा लागतो. त्यासाठीं तंतूवर बोरॉन नायट्राइडचा अत्यंत पातळ लेप देतात. भेग तेथें पोंचली कीं वळते आणि तंतूच्या कडेनें भरकटते. तंतु अखंड राहून भेगेचे दोन्ही कांठ धरून ठेवतो, आणि तो उपसून निघतांना घर्षणांत बरीच शक्ति खर्ची पडते. या सर्व विद्येंत हा नाजूक लेपच मला सर्वांत चतुर वाटतो.

तरीहि अशा वस्तूवर विमानांतल्या माणसांचे प्राण सोपवावे काय, हा प्रश्न सोपा नव्हता. २०१६ सालीं प्रवासी सेवेंत आलेल्या लीप एंजिनांत ती टर्बाइनच्या पात्यांभोंवतींच्या न फिरणाऱ्या कड्यांत बसविली. फिरणारें पातें तुटलें तर अनर्थच. म्हणून हा सावधपणा मला रास्त वाटतो. निकेलच्या मिश्रधातूच्या मानानें या पदार्थाचें वजन सुमारें एकतृतीयांश, आणि तो सुमारें १३०० अंश सेंटिग्रेडची आंच सोसतो. भाग थंड ठेवण्यास वारा कमी लागतो व इंधन वांचतें. २०२० सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेल्या जीई ९एक्स एंजिनांत ज्वलनकक्षाचें अस्तरहि याचेंच केलें.

शत्रु मात्र निघाला पाण्याची वाफ! तापलेल्या सिलिकॉन कार्बाइडवर सिलिकाची पातळ साय धरते व ती आंतल्या भागाचें रक्षण करते. इंधन जळतांना निघणारी वाफ या सायीचा वायु करून तिला वाहून नेते, आणि भाग हळूहळू झिजतो. म्हणून वरून यिटर्बियम सिलिकेटसारख्या पदार्थाचें कवच चढवितात. तें कोठें उडालें आणि भेगेंतून प्राणवायु आंत शिरला, तर बोरॉन नायट्राइडच्या लेपाची कांच बनते, तंतु भोंवतालच्या पदार्थाला चिकटतात आणि घालविलेला ठिसूळपणा परत येतो. तेव्हां एंजिन तपासतांना या पातळ कवचाकडे बारकाईनें पाहावें लागतें.