सोहिरोबांच्या वाटेवर कॅमेरा घेऊन
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांची वाट छायाचित्रांत उतरवावी म्हणून आम्ही काही मंडळी कॅमेरे घेऊन निघालो, तेव्हा पुष्कळांनी विचारले, "१७१४ साली जन्मलेल्या माणसाचा फोटो तुम्ही कोठून काढणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

नाथांचे घराणे पेडणे महालातील पालये गावचे, कुळकर्णीपद बांद्याचे. इन्सुलीच्या रानात त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला, अशी परंपरा आहे. पुढे त्यांनी नोकरी सोडली, 'महदनुभवेश्वरी'सारखे ग्रंथ रचले आणि उतारवयात उत्तरेची वाट धरली. १७९२ च्या सुमारास ते उज्जयिनीत दृष्टीआड झाले, असे सांगतात.

आम्ही पालये ते इन्सुली एवढाच टप्पा घेतला. केरीच्या किनाऱ्यावरून समोर तेरेखोलचा किल्ला दिसतो. तो पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला, तेव्हा नाथ ऐन तारुण्यात होते. १७८८ मध्ये पेडणेही सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले. ज्या वाटेने नाथांचे घराणे सहज ये-जा करी, तिच्यावर त्यांच्या हयातीतच सरहद्द उभी राहिली. त्याच सरहद्दीवर, पत्रादेवीस, १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि वाट पुन्हा मोकळी झाली. नाथांचा चेहरा आम्हांला टिपता येणार नव्हता. ही वाट मात्र टिपता आली.

पण वाटही कायमची नसते. मोपाच्या सड्यावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. शेजारच्या डिचोलीत खाणींनी डोंगरांची रूपे पालटली. डिचोलीतल्याच नार्व्याला श्रीसप्तकोटेश्वराच्या द्वारावर शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये केलेल्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. तेथे साल दगडच सांगतो. कवीची पायवाट अशी दगडावर कोरलेली नसते. ती ठाऊक असते म्हाताऱ्या माणसांना, आणि ती माणसे एकेक करून जात आहेत.

म्हणून आम्ही प्रत्येक छायाचित्राखाली गाव, जागा, दिनांक आणि माहिती सांगणाऱ्याचे म्हणणे लिहून ठेवले. मजकुराविना चित्र मुके असते. आपल्या घरांतील जुने फोटो पाहा. त्यांतील किती चेहऱ्यांची नावे आपणांस सांगता येतात? मोबाइलमधील हजारो चित्रांची गत याहून बरी होईल, असे मानण्यास आधार नाही.

तेव्हा आमची नम्र विनंती अशी: प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील वडील मंडळींपाशी बसून जुन्या फोटोंमागे नावे, गाव व साल लिहावे आणि त्यांची एक प्रत न्यासाकडे द्यावी. नाथांच्या वाटेचे काम आम्ही पुढे नेऊच. आपल्या घरची वाट आपणच टिपावयाची आहे.