ध्रुव कुठे गेला?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, ‘तुझ्या कामाबद्दल बोल.’ माझं काम कॅमेऱ्यामागे उभं राहण्याचं आहे. माइकसमोर माझं काय होतं, हे आठवीच्या वक्तृत्व स्पर्धेला जे हजर होते त्यांना विचारा. तेव्हा भाषण असं करत नाही, एक चूक सांगतो.

मी माहितीपटांसाठी कॅमेरा चालवतो, आणि त्यातही जास्त करून दूरच्या प्रदेशांत, रात्री. लडाखमध्ये, चीनच्या सीमेजवळ हानले नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरावर, ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. २०२२ मध्ये हा सगळा परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून राखून ठेवला गेला. संध्याकाळनंतर गावातले लोक खिडक्यांना जाड पडदे लावतात, गाड्यांचे दिवे मंद ठेवतात.

अशा जागी काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. तारे फार अंधुक असतात, म्हणून एकेका छायाचित्रासाठी कॅमेऱ्याचं झाकण वीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. त्याहून जास्त ठेवलं की पृथ्वी फिरते आणि ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. मग पाच सेकंद थांबून पुढचं छायाचित्र. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी २५ चित्रं लागतात. म्हणजे तुम्ही दहा सेकंद जे पाहता त्यासाठी आम्ही पावणेदोन तास थंडीत उभे असतो. त्यात बॅटऱ्या थंडीने निम्म्या वेळात मान टाकतात, म्हणून त्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरून ठेवायच्या. भिंगावर दव गोठतं, म्हणून त्याला गरम पुड्या बांधायच्या. हवेचा दाब इथल्या साठ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तिवई उचलून वीस पावलं चाललं की धाप लागते. लेहमध्ये दोन-तीन दिवस आराम करून शरीराला सवय लावली नाही तर कॅमेरामनलाच उचलून आणावं लागतं.

टॉर्चला लाल कागद लावायचा. हे मात्र मला कुठल्या फिल्म स्कूलने शिकवलं नाही. नववीत भूगोलाच्या सरांनी आम्हाला रात्री प्रीतिसंगमाच्या वाळवंटात नेलं होतं. आठवतं ना? सरांकडे तीन सेलची बॅटरी होती आणि तिच्या काचेला लाल जिलेटिन. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाने ती एका क्षणात जाते, असं सर म्हणाले होते. मग त्यांनी सप्तर्षींवरून ध्रुव दाखवला. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितके आपले अक्षांश. कऱ्हाडात पावणेदोन मुठी. काही जणांनी साडेतीन मोजल्या, त्यांची नावं आज घेत नाही.

तर चूक. त्या ऑक्टोबरात हानलेमध्ये आम्हाला तीन रात्री मिळाल्या होत्या. पहिल्या दोन ढगांत गेल्या. तिसऱ्या रात्री एका दगडी वाड्यासमोर, म्हणजे बकऱ्या कोंडतात त्या आवारासमोर, कॅमेरा लावला. कोरीच्या प्रकाशात वाडा आणि मागचा डोंगर छान आला. चंद्र मावळला आणि आकाशाची खरी वेळ आली, तेव्हा भिंगावर बर्फ धरला. पुड्या संपल्या होत्या. पहाटे पाहिलं तर सगळी चित्रं दुधाळ.

मुंबईत परतल्यावर मी एक उद्योग केला. जूनमध्ये दुसऱ्या एका ठिकाणी टिपलेली आकाशगंगा माझ्याकडे होती, धनू-वृश्चिकाकडचा तो सगळ्यात तेजस्वी भाग. ती त्या डोंगरावर चिकटवली. जोड कुठे दिसत नव्हता. माहितीपट प्रसारित झाला. त्या शॉटचं सगळ्यात जास्त कौतुक झालं आणि ते मी घेतलं.

पुढच्या वर्षी पुन्हा हानलेला गेलो, लॅपटॉप नेला आणि वाड्याच्या मालकाला माहितीपट दाखवला. सत्तरीचा चांगपा पशुपालक, हिंदी मोडकंतोडकं. तो शॉट आला तसा तो पुढे वाकला. म्हणाला, “फिर से.” पुन्हा लावला. मग पडद्यावर डोंगराच्या जरा वर बोट ठेवून म्हणाला, “इधर एक तारा खड़ा रहता है. वो कहाँ गया?”

कॅमेरा उत्तरेला तोंड करून होता. त्या डोंगरावर ध्रुव असतो, हानलेमध्ये सव्वातीन मुठी उंच. बाकी आकाश त्याच्याभोवती फिरतं. मी तिथे दक्षिणेचं आकाश आणून ठेवलं होतं, जे त्या डोंगरावर कधी येणारच नाही. लाखभर लोकांनी पाहिलं असेल, एकानेही विचारलं नाही. आणि मला तर नववीत शिकवलेलं होतं.

कुणी म्हणेल, कॅमेरा तसंही खरं कुठे दाखवतो? बरोबर आहे. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग जवळजवळ दिसत नाहीत, आकाशगंगा राखाडी धुरासारखी दिसते. कॅमेरा वीस सेकंद प्रकाश साठवतो आणि तिचे रंग दाखवतो. पावणेदोन तास दहा सेकंदांत कोंबतो. हे मी करतो, निवेदनात तसं सांगतोही. पण तो प्रकाश त्या रात्री, त्या डोंगरावरून आलेला असतो. माझ्यापुरती रेघ मी तिथे ओढली आहे. माझ्या व्यवसायात बरेच जण ती आणखी पुढे ओढतात, आणि त्यांना कामंही जास्त मिळतात.

निर्मात्याला मी शॉट बदलू या म्हणालो. तो म्हणाला, कुणाच्या लक्षात येणार आहे! माहितीपट आजही तसाच दाखवला जातो. आता प्रत्येक शॉटसोबत मी जागा, दिशा, तारीख आणि वेळ वहीत लिहितो.

आपल्या मुलांना मात्र हा प्रश्न विचारता येईल की नाही, अशी शंका येते. कऱ्हाडात परवा रात्री गच्चीवर गेलो, तर दिव्यांच्या उजेडात सप्तर्षीतले चारच तारे मोजता आले. २०२४ च्या जानेवारीत आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिकडे मुलांना एकदा न्या. लाल जिलेटिन विसरू नका.

त्या दुसऱ्या वर्षी त्याच वाड्यासमोर पुन्हा कॅमेरा लावला. या वेळी पुड्या भरपूर होत्या. वाड्याचा मालक अर्धी रात्र शेजारी बसला होता, मधूनमधून लोण्याचा खारट चहा देत. तो शॉट कुठल्याच माहितीपटात गेलेला नाही, म्हणून इथे आणला आहे. दहाच सेकंदांचा आहे. सर, तुम्ही पुढच्या खुर्चीवर या. मागचे दिवे कुणी तरी बंद करा.