मल्लेश्वरम की व्हाईटफील्ड?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून काहीतरी उदात्त बोलावे अशी प्रथा आहे. कार्यवाहांनी आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा बृहन्महाराष्ट्र, संस्कृती, अस्मिता असा एखादा भारदस्त विषय आम्हीही घेऊ शकलो असतो. परंतु गेली दोन-तीन वर्षे मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात चहाच्या वेळी कान दिला, तर संस्कृतीपेक्षा एक निराळाच प्रश्न अधिक ऐकू येतो : मल्लेश्वरम सोडून व्हाईटफील्डकडे, सर्जापूर रस्त्याकडे किंवा येलहंक्याच्या पलीकडे राहावयास जावे, की न जावे? आमच्या घरी तर पाने घेतली की हाच विषय निघतो. तेव्हा आज त्यावरच बोलण्याचे आम्ही ठरविले आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ज्याला आज आपण ‘जुने मल्लेश्वरम’ म्हणून कुरवाळतो, तेही एके काळी उपनगरच होते. १८९६ साली मुंबईत आणि १८९७ साली पुण्यात हाहाकार माजविणारा प्लेग १८९८ च्या ऑगस्टात रेल्वेच्या वाटेने बंगळुरास पोचला. पेठेतील दाट वस्ती मोकळी करण्यासाठी म्हैसूर सरकारने उत्तरेस मल्लेश्वरम आणि दक्षिणेस बसवनगुडी वसविली. त्याच १८९८ साली त्याच प्लेगमुळे मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्यातून पुढे दादर-माटुंग्याची आखीव वसाहत उभी राहिली. दादरच्या हिंदू कॉलनीत वाढलेल्या एखाद्या आजीबाईंना आपले सरळ क्रॉस आणि मेन रस्ते ओळखीचे वाटले, तर त्यात नवल नाही. (काडु मल्लेश्वराचे देऊळ याहून कितीतरी जुने. १६६९ च्या शिलालेखात व्यंकोजीराजांनी या देवास एक गाव इनाम दिल्याची नोंद आहे. तथापि त्यावर आपण प्रत्येक स्मरणिकेत एक लेख छापतोच; आज तो विषय नाही.)

सांगावयाचे आहे ते पुढेच. बंगळूर शहरास हेसरघट्टा तलावाचे नळाचे पाणी १८९६ साली मिळू लागले. मल्लेश्वरम वसले ते त्यानंतर. रस्ते आधी आखले गेले, घरांच्या पाठीमागे सफाईसाठी गल्ल्या सोडल्या गेल्या, जवळच १८८२ साली बांधलेला सँकी तलाव होता. आणि मग माणसे आली. या आखणीत सारेच गोड होते असे नव्हे. भूखंडांच्या वाटपात जातीपातींचे कप्पे होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु आधी पाणी आणि मग घर, हा क्रम त्या राज्यकर्त्यांनी पाळला.

आता आजची उपनगरे पाहा. २००७ साली बृहत् बंगळूर महानगरपालिका झाली, तेव्हा आसपासच्या सात नगरपालिका, एक लहान पालिका आणि ११० खेडी शहरात सामील करण्यात आली. खेडी शहर झाली, इमारती वीस-वीस मजले चढल्या, कर लागू झाले. या ११० खेड्यांसाठी म्हणून आखलेल्या कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन मात्र १६ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. मधली सतरा वर्षे तेथील संसार कूपनलिकांवर आणि टँकरवर चालले. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, निम्मा किलोमीटर उंच चढवून आणावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे विलंबाचे कारण समजते. परंतु घागर भरत नाही.

बरे, पाणी नव्हते म्हणावे, तर सप्टेंबर २०२२ मध्ये शहराच्या त्याच पूर्व भागात इतके पाणी झाले, की यमलूरच्या उंची बंगल्यांतील मंडळींना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावे लागले. एका तळ्याचे पाणी दुसऱ्या तळ्यात नेणारे जुने नाले, ज्यांना कानडीत ‘राजकालुवे’ म्हणतात, त्यांवर बांधकामे झाली होती. आणि अवघ्या अठरा महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, कूपनलिका आटल्या आणि टँकरचे दर शासनाला ठरवून द्यावे लागले. एकाच मुलखात पूर आणि दुष्काळ! कावेरीचे नळ आता पोचू लागले आहेत हे खरे; तथापि प्रत्येक इमारतीस ते जोडले गेले आहेत असे नव्हे. घर पाहावयास जाल तेव्हा तरणतलाव दाखविणाऱ्या गृहस्थास हाच प्रश्न प्रथम विचारावा.

इतके ऐकून आपणांस वाटेल, की आम्ही मल्लेश्वरमचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. मंडळ स्थापन झाले त्या काळी आपल्यापैकी पुष्कळांची नोकरी जालहळ्ळीच्या एच.एम.टी.त किंवा बी.ई.एल.मध्ये होती. त्यांना मल्लेश्वरम सोयीचे होते म्हणून ते येथे राहिले; सँकी तलावावरच्या सूर्यास्तासाठी नव्हे! आज काम पूर्वेस आणि आग्नेयेस गेले आहे, आणि पोटामागे घर जाते ही जगाची रीत आहे. आमचे चिरंजीव व सूनबाई दोघेही व्हाईटफील्डला नोकरीस आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात मेट्रोची जांभळी मार्गिका सलग सुरू झाली, त्यामुळे मोठीच सोय झाली. तरीही संपिगे रोडच्या स्थानकावर चढून, मॅजेस्टिकला गाडी बदलून, तेथून पुढे कचेरी गाठेपर्यंत घरापासून सव्वा ते दीड तास लागतो. जाण्यायेण्याचे दिवसाकाठी तीन तास. आमची नात सहा वर्षांची आहे. तिचे आईबाप घरी येतात तेव्हा ती बहुधा झोपलेली असते. हे तीन तास कोणाच्या वयातून वजा होतात, ते सांगावयास नको.

शिवाय मल्लेश्वरमही तेच राहिलेले नाही. संपिगे रस्त्याच्या तोंडाशी २०१० मध्ये प्रचंड मॉल उभा राहिला, तेव्हापासून तो रस्ता ओलांडणे हे साहसकृत्य झाले आहे. मंगलोरी कौलांची घरे भावाभावांच्या वाटण्यांत एकामागून एक पडत आहेत. आम्ही राहतो ते भाड्याचे घर पहिल्या मजल्यावर आहे; बावीस पायऱ्या, आणि कठडा एकाच बाजूस. मातोश्रींचे वय ८३. नव्या इमारतीत उद्वाहक असतो, चाकाची खुर्ची जाईल असा उतार असतो, वीज गेली तर जनित्र असते. या गोष्टी चैनीच्या म्हणून हिणविणाऱ्यांनी एकदा त्या बावीस पायऱ्या गुडघेदुखीसह चढून पाहाव्यात.

आणखी एक गोष्ट आम्हांस अनपेक्षित होती. चिरंजीवांनी पाहून ठेवलेल्या संकुलात साडेचारशे बिऱ्हाडे आहेत, त्यांपैकी चाळीसएक मराठी. पुण्या-नागपुराकडची तरुण मंडळी. त्यांचा स्वतःचा गणपती बसतो. संध्याकाळी खाली मुले मराठीतून भांडतात. मल्लेश्वरममध्ये आमच्या नातीला मराठीतून भांडावयास कोणी समवयस्क नाही! येथे कोकणी बोलणारे शेजार आहेत, चित्रापूर मठ आहे, कॅनरा युनियन आहे, त्या मंडळींशी आपला घरोबाही आहे. पण मराठी बिऱ्हाडे विरळ होत चालली, हे मंडळाची वर्गणी गोळा करणारे आपल्याला सांगतील.

नोकरीतील सवयीप्रमाणे आम्ही एका रविवारी यावर रीतसर टिपण तयार केले. डावीकडे लाभ, उजवीकडे तोटे. पाण्याचा खर्च, देखभालीची मासिक वर्गणी, शाळेची फी, सी.जी.एच.एस.च्या दवाखान्याचे अंतर, आणि पुण्याकडे जावयाचे झाल्यास तुमकूर रस्ता गाठावयास लागणारा वेळ. (यशवंतपूर स्थानक आज रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. मिरजेस उतरून गावी जाणाऱ्या आमच्यासारख्यांना ही बाब क्षुल्लक नव्हे.) बेरीज जवळजवळ सारखी आली. मग सौ.नी तो कागद हाती घेतला, प्रत्येक बाबीपुढे घरातील ज्याचे त्याचे नाव लिहिले, आणि चित्र पालटले. लाभ बहुतेक चिरंजीव, सूनबाई आणि नात यांचे. तोटे जवळजवळ सगळे मातोश्रींचे आणि काही सौ.चे.

मातोश्रींचा दिवस असा : सकाळी सात वाजता देवळापर्यंत, तेथून आठव्या क्रॉसच्या बाजारात. फुलवाली कानडी बोलते, मातोश्री मराठी. अकरा वर्षे दोघींचे संभाषण चालू आहे, आणि एकमेकींच्या सुनांविषयी दोघींनाही सविस्तर माहिती आहे. भाजीवाला पिशवी रिक्षापर्यंत आणून देतो. औषधाच्या दुकानातील मुलगा त्यांची गोळी नावाने नव्हे, तर रंगाने ओळखतो. यांतील कोणतीही गोष्ट विकत घेता येत नाही आणि बरोबर नेताही येत नाही. चौदाव्या मजल्यावर भाजी दूरध्वनीवरून मागविली की दहा मिनिटांत दाराशी येते, हे खरे. पण ती आणणारा मुलगा क्षणभरही थांबत नाही. जिना उतरण्याचे कष्ट वाचतील, परंतु उतरण्याचे कारणही उरणार नाही. त्यांना विचारले तर ‘तुम्ही न्याल तिथे येईन’ एवढेच म्हणतात. या उत्तराला संमती समजण्याची चूक घरोघरी होते.

आमचाही स्वार्थ सांगून टाकतो. निवृत्तीस चार वर्षे उरली. निवृत्तीबरोबर घरभाडे भत्ता थांबतो. भाडे थांबत नाही. मल्लेश्वरममध्ये घर विकत घेणे केंद्र सरकारच्या नोकराच्या आवाक्यातील राहिलेले नाही. म्हणजे येथे राहावयाचे तर भाड्यानेच, आणि ते घरमालकाची मर्जी असेतो.

ज्यांचे जाणे निश्चित झाले आहे, त्यांना कागदपत्रांविषयी दोन शब्द. जमीन मुळात शेतीची असेल, तर ती बिनशेती झाली आहे का ते पाहावे. येथे त्यास डी.सी. कन्व्हर्शन म्हणतात. खाते ‘ए’ आहे की ‘बी’, हे विचारावे. ‘बी’ खात्यावर कर घेतला जातो, म्हणून बांधकाम नियमित ठरले असे होत नाही. भोगवटा प्रमाणपत्र ‘लवकरच येणार आहे’ असे सांगितले, तर आपले पैसेही लवकरच येणार आहेत असे सांगावे. आणि तळ्याकाठचे दृश्य म्हणून जादा दर मागितला, तर महसुली नकाशावर राजकालुवे कोठून जातो ते स्वतः पाहिल्याखेरीज इसार देऊ नये.

आमच्या घरी तूर्त असे ठरले आहे, की विकत काहीच घ्यावयाचे नाही. चिरंजीवांनी त्या संकुलात अकरा महिन्यांच्या करारावर घर घ्यावे. आमचे येथील घर तोवर सोडावयाचे नाही. मातोश्रींनी महिना तेथे, महिना येथे राहून पाहावे, आणि अकराव्या महिन्यात सर्वांच्या आधी त्यांना विचारावे, तेही सौ.नी, एकांतात. दोन घरांचे भाडे भरणे आम्हांस जड जाणार आहे. तरी घर विकत घेऊन पस्तावण्याच्या मानाने ते स्वस्त पडेल असा आमचा हिशेब आहे.

राहता राहिले मंडळ. आपल्या सभासदांच्या यादीतील पत्ते पाहिले, तर चारही दिशांना पांगापांग झालेली दिसते. व्हाईटफील्डच्या तरुणांनी रात्री नऊच्या नाटकासाठी मल्लेश्वरमला यावे आणि शेवटची मेट्रो चुकवावी, ही अपेक्षा आता धरू नये. वर्षातील निदान तीन कार्यक्रम, आणि मुलांचा मराठीचा वर्ग, रविवारी सकाळी त्या बाजूस घ्यावा. ग्रंथालयातील बालवाङ्मयाचे कपाट तिकडे हलवावे. गणेशोत्सव मात्र येथेच राहावा, आणि तिकडच्या मंडळींसाठी त्या दिवशी बसची सोय करावी. तो खर्च उचलण्यास काही सभासद तयार आहेत, त्यांत आम्हीही आहोत. कार्यकारिणीने येत्या बैठकीत यावर विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.