'बोदलकसा'त अक्षरे किती?



"तू संगणकावर नेमकं करतेस काय?" असं आज तलावाकाठी अनेकांनी विचारलं. बोदलकसा या नावावरूनच सांगते.

हल्ली बऱ्याचदा आम्ही प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही. आधी चाचण्या लिहितो: हे दिलं तर हे उत्तर यायला हवं. मग त्या चाचण्या चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलला देतो. त्यांत पास होईल असा प्रोग्रॅम ते लिहून देतं. प्रश्नपत्रिका आपली, उत्तरपत्रिका त्याची.

समजा, शब्दातली अक्षरं मोजायची आहेत. चाचणी एकच दिली: 'कमळ', उत्तर 3. अगदी साधा प्रोग्रॅमही पास होतो. त्यालाच 'बोदलकसा' द्या. आपण म्हणू 5, तो म्हणेल 7. कारण संगणक 'बो'मधला ब आणि त्याची मात्रा वेगवेगळी साठवतो, 'सा'मधला कानाही वेगळा. बरं, काना-मात्रा सोडून मोजायला लावलं, तर 5 येतात. पण मग 'विद्यार्थी' दिला, की 3 ऐवजी पुन्हा 5! जोडाक्षरं फुटतात. म्हणजे तीही चाचणी हवी.

ओपनएआयने 2021 साली अशा मॉडेलला 164 प्रश्न घातले. पहिल्या प्रयत्नात सुमारे 29 टक्के सुटले. 2023 मध्ये संशोधकांनी त्याच प्रश्नांना जवळजवळ 80 पट चाचण्या जोडल्या, तेव्हा आधी पास ठरलेले कितीतरी प्रोग्रॅम नापास झाले. पेपर सोपा असला, की चुकीचं उत्तरही खपून जातं.

यात आपलं काय जातं? दाखला, रेशनकार्ड, सातबारा, सगळीकडे आपली नावं संगणकात आहेत. नावासाठी वीस अक्षरांची जागा ठेवली आणि मोजणी चुकली, तर एखाद्याचं आडनाव अर्धवटच छापलं जाईल. यंत्र मात्र म्हणेल, मी सगळ्या चाचण्या पास आहे.

'विद्यार्थी'मध्ये 3 अक्षरं, हे ठरवायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. सर, बाई, ते तुम्ही पाटीवर शिकवलंत. म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुमच्या शाळेत, पतसंस्थेत, धान खरेदी केंद्रावर नवा प्रोग्रॅम आला, की आपल्याकडची अवघड नावं त्यात घालून बघा. चुकलं तर बनवणाऱ्याला लेखी कळवा, आणि बरोबर उत्तर काय तेही लिहा. तीच त्याची पुढची चाचणी.