याडी की यादी?



नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूरच्या पुढे वारंगा फाटा लागतो. तिथून एक वाट हिंगोलीला जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून नागपूरकडे. प्रवासी इथं खिचडीसाठी उतरतात. मीही उतरतो, खोटं कशाला बोलू! पण सकाळच्या पारी फाट्यावर आणखी एक गर्दी असते. पाठीवर सॅक अडकवून कॉलेजला निघालेली आसपासच्या खेड्यांतली पोरं-पोरी. मध्यंतरी त्यांतल्या एकीच्या हातात टीईटीचं जाडजूड पुस्तक दिसलं. म्हटलं, "मास्तरीण व्हायचंय?" म्हणाली, "हो सर." "वर्गावर कधी उभी राहिलीस का?" तर म्हणाली, "ते नंतर. आधी परीक्षा निघू द्या."

तिचं काही चुकलं नाही. आपण तिच्यापुढं वाटच तशी मांडून ठेवलीय. २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे. १५० गुणांचा पेपर, खुल्या गटात पास व्हायला ९० गुण. मग २०० गुणांची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. नंबर लागलाच तर आधी शिक्षणसेवक. प्राथमिकला त्याचं मानधन ६,००० होतं, ते २०२३ साली १६,००० झालं. परीक्षा असू नये असं मी म्हणणार नाही. वशिल्यापेक्षा ती शंभर पटीनं बरी. पण जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी या साऱ्या चाळणीत उमेदवाराला एकदाही तोंड उघडावं लागत नाही, आणि ज्याला उभी हयात बोलायचंय, त्याची ही पारख!

मी बी.एड. केलं तेव्हा ते एका वर्षाचं होतं. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. आमच्या वेळी सूक्ष्म अध्यापन असायचं. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं चर्चा, बारा मिनिटांत नवं टाचण, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं चर्चा. छत्तीस मिनिटांत एक कौशल्य. कल्पना नामी होती. अडचण एवढीच की विद्यार्थी म्हणून बाकांवर आमचेच मित्र बसायचे. प्रश्न विचारायचा अवकाश, उत्तर पुस्तकी मराठीत तयार! माझा प्रश्नकौशल्याचा पाठ उत्तम झाला होता.

मग सराव पाठाला एका तांड्याजवळच्या शाळेत गेलो. प्रस्तावनेतच पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "सकाळी तुला कोण उठवतं?" तो म्हणाला, "याडी." मी म्हटलं, "यादी? कसली यादी?" अख्खा वर्ग खो खो हसला. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात, हे मला ठाऊकच नव्हतं. पोरगं मान खाली घालून बसलं ते तास संपेपर्यंत. मागच्या बाकावर निरीक्षक होते. त्यांनी माझ्या टाचणवहीत शेरा लिहिला, "फलकलेखन सुबक." त्या शेऱ्याची मला आजही लाज वाटते.

वारंगा फाट्याच्या या कळमनुरी तालुक्यात आंध आदिवासींची गावं आहेत, बंजारा तांडे आहेत. दिवाळी सरली की कित्येक घरं ऊसतोडीला जातात, हळद शिजायला लागली की वर्ग निम्मे रिकामे होतात. इथल्या मास्तरला हे आधी कळायला हवं, वर्गातलं मानसशास्त्र मग. गावांचं हे जगणं गाईडात सापडत नाही. बी.एड.ला शाळेतल्या अनुभवाचे २० आठवडे नेमून दिलेत. ते खरोखर वर्गात जातात की सह्या-शिक्क्यांत, हे जो तो जाणतो. आता २०२०च्या शैक्षणिक धोरणानं बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणलाय. त्यात मुलं कोवळ्या वयातच शाळेत जातील, ही मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. अर्थात शाळेनं त्यांना आत घेतलं तर!

म्हणून मुख्याध्यापकांना एक विनंती. कॉलेजातलं पोरगं दारात आलं तर त्याला हजेरीपट भरायला बसवू नका. पहिलीच्या वर्गात मागं एक खुर्ची टाकून द्या, आठवडाभर नुसतं ऐकू द्या. मग हातात खडू द्या. चुकलं तर लेकरांसमोर रागावू नका.

आणि फाट्यावरच्या त्या लेकीला, ती ऐकत असेल तर, सांगतो. बाई, पुस्तक राहू दे सॅकमध्ये. येत्या शनिवारी आपल्याच गावच्या शाळेत जाऊन बस. शनिवारी शाळा सकाळची असते, जरा लवकर निघ.